न गळणारं खुराडं

वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीत मे महिना लागला की कोणी ना कोणी जुना कूलर दाराबाहेर काढून ठेवतो. पत्रा गंजलेला, ताट्यांमधला भुसा गळून गेलेला, पंखा आणि पंप केव्हाच भंगारवाल्याने नेलेला. लोकांना तो कचरा दिसतो. मला मात्र त्यात सहा-सात कोंबड्या आणि एक कोंबडा बसलेला दिसतो. बायको म्हणते, डोळे तपासून घ्या. डोळे ठीक आहेत. हा दोष मला आर्वीत जडला, आणि तो जडवणाऱ्या माणसाचं नाव ढोलेमिस्त्री.

मी तेव्हा आर्वीच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर वेगळे, मी वेगळा. पण जो सुई टोचतो त्याला डॉक्टर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती मोडायचा मी कधी फारसा प्रयत्न केला नाही. ढोलेमिस्त्री माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचे. एस.टी.च्या डेपोत पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. निवृत्तीनंतरही अंगात खाकी शर्टच, आणि त्याच्या खिशात मोजपट्टी, पेन्सिलीचा तुकडा आणि मूठभर रिव्हेटा. त्या रिव्हेटांचा आवाज आधी यायचा आणि मागून मिस्त्री.

हा माणूस बसायचा नाही. मी त्यांना सात वर्षं ओळखत होतो आणि त्यांच्या बुडाखाली खुर्ची पाहिल्याचं मला आठवत नाही. चहा उभ्यानं, तोही फिरत. कप ते कुठे ठेवतील याचा नेम नसे. आमचे कप कधी कंपाउंडच्या भिंतीवर सापडत, कधी जिन्याच्या चौथ्या पायरीवर, एकदा तर माझ्या स्कूटरच्या सीटवर. बोलताना समोरच्या पत्र्यावर, दारावर, टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहायचे. वाक्य अर्धं झालं की पाय फाटकाकडे वळलेले असायचे आणि उरलेलं वाक्य रस्त्यावरून ऐकू यायचं. त्यांची बायको, आमच्या वच्छलाकाकू, म्हणायच्या, "पंगतीत जेवाले बसले का वाढणाऱ्यापेक्षा हेच जास्त उठते."

डेपोत त्यांची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. मिस्त्रींनी हात लावलेली गाडी गळत नसे. आषाढातल्या झडीत एस.टी.त छत्री उघडून बसलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत, त्यामुळे ही कीर्ती किती मोठी हे मला कळतं. टपावरचा प्रत्येक जोड ते पाणी ओतून पाहायचे. "एक थेंब आला तं माहं नाव बदला," असं ते ड्रायव्हरला सांगायचे, आणि नाव कधी बदलावं लागलं नाही.

निवृत्त झाले ते मृगात. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या बदलल्या. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांच्या बदलल्या. आठव्या दिवशी काकूंनी हात जोडले आणि त्यांना घराबाहेर काढलं. तिथून ते मागच्या गल्लीत गेले आणि मडावीबाईंच्या परसात शिरले. सगळं तिथून सुरू झालं.

सुगंधाबाई मडावी एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब. स्वतः निंदणाला, वेचणीला जायच्या. माणसांशी कमी बोलायच्या, आणि कोंबड्यांशी मात्र सकाळ-संध्याकाळ गोंडीतून मनसोक्त बोलायच्या. त्यांच्या कोंबड्या साध्या नव्हत्या. पिसं उलटी, बाहेरच्या अंगाला वळलेली. पाहणाऱ्याला वाटे की कोंबडी आत्ताच वादळातून आली. अशा कोंबड्यांना ऊन बरं सोसतं, हे आमच्या अभ्यासक्रमातही होतं. पण पावसात त्या पार भिजून जात. मिस्त्री परसात शिरले तेव्हा त्या तशाच भिजून कुडकुडत पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, ढिगाखाली बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही चिंता नोका करू," मिस्त्री म्हणाले, "मी खुराडं बनवून देतो. एक थेंब आत येनार नाई."

आणि खरंच आला नाही. आठ दिवसांत त्यांनी जे बनवलं ते पाहायला डेपोतले जुने सोबती आले होते. चारी बाजूंनी पत्रा, ओळीत रिव्हेटा, उतरतं छप्पर, आणि दाराला बसच्या खिडकीला असते तसली रबराची पट्टी. हवेसाठी वर दोन भोकं, रुपयाएवढी. मिस्त्रींनी सगळ्यांच्या देखत त्यावर तीन बादल्या पाणी ओतलं, मग दार उघडून आतला कोरडा भुसा मुठीत घेऊन दाखवला. मडावीबाईंनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. पावसाळाभर आणि हिवाळाभर त्या कोंबड्या राणीसारख्या राहिल्या.

नंतर उन्हाळा आला. आमच्याकडे रोहिणी लागल्यावरचे नऊ दिवस नवतपा म्हणतात आणि त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. उन्हाळाभर मडावीबाई कोंबड्या दिवसा मोकळ्याच सोडायच्या. त्या निंबाखाली माती उकरून थंडाव्याला बसायच्या. त्या दिवशी बाई पुलगावला नात्यातल्या लग्नाला गेल्या होत्या. दुपारी बाराला मिस्त्री सवयीनं तिकडून चालले होते. त्यांना कुंपणाशी एक मांजर घुटमळताना दिसलं. ज्या माणसाला आयुष्यात उघडी कडी सहन झाली नाही, तो उघड्या कोंबड्या कशा सहन करणार? त्यांनी एकेक करून अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा पकडले, खुराड्यात घातले, दार लावलं आणि समाधानानं घरी गेले. काकूंना म्हणाले, बाई गावाले गेल्या, म्हटलं आपन लक्ष ठेवावं.

चार वाजता ते पाहायला गेले आणि तिथूनच धावत माझ्याकडे आले. चप्पल घातली नव्हती. मी पिशवी घेऊन गेलो, पण पिशवी उघडायचं काम पडलं नाही. दार उघडल्यावर जी वाफ अंगावर आली ती अजून मला आठवते. सगळ्या कोंबड्या त्या दोन भोकांच्या खाली एकमेकींवर चढून मेल्या होत्या.

मिस्त्री म्हणाले, "डाक्टर, गाडी चालते म्हनून तिच्यात वारा येते. खुराडं उभंच राह्यते. हे माह्या ध्यानातच नाई आलं." हेच ते तीन-चार वेळा म्हणाले. चाळीस वर्षं गाड्या बांधलेल्या माणसाची ही चूक होती. दुसऱ्या कोणाची झाली नसती. साध्या गवंड्यानंसुद्धा खिडकी ठेवली असती.

संध्याकाळी बाई परत आल्या. हातात लग्नातल्या बुंदीची पुडी होती. मिस्त्रींनी घडलं ते सगळं उभ्या उभ्या सांगितलं. काही लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. बाई ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. खुराड्यात वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मिस्त्रीभाऊ, पानी होतं का आत?"

पाणी नव्हतं. घाईत ठेवायचं राहून गेलं होतं.

 बाईंनी कोंबड्या कोणाला खायला दिल्या नाहीत. निंबाखाली खड्डा करून पुरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुराडं धुऊन, झाडून मिस्त्रींच्या फाटकाशी ठेवलेलं होतं. त्यानंतर दिवसभर छिन्नीचा आवाज येत राहिला. मिस्त्री एकेक रिव्हेट तोडत होते.

तिथून पुढे या माणसाच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागली. आधी त्यांचं न बसणं ही एक सवय होती, तिची गंमत वाटायची. आता ते पाहवत नसे. चांगलं खुराडं कसं असतं हे शोधायला ते गावोगाव फिरले. बांबूची पाहिली, मातीची पाहिली, पऱ्हाटीच्या काड्यांची ताटी विणून केलेली पाहिली. मग एक दिवस भंगारवाल्याकडे एका कूलरसमोर उभे राहिले आणि तिथून हलेचनात. तीन बाजूंनी झडपा, म्हणजे वारा आरपार. पाऊस आला तर झडप वाकडी असल्यानं बाहेरच्या बाहेर. खाली उंच स्टँड, म्हणजे मुंगूस, साप लांब. वरच्या पत्र्यावर पऱ्हाटीची ताटी आणि तिच्यावर ओलं पोतं टाकलं की झालं. "विदर्भात जितकी घरं तितके मेलेले कूलर," ते मला म्हणाले, "आन् कोनाच्याच डोक्यात हे काऊन नाई आलं जी?"

त्यांचं तपासायचं तंत्र त्यांचंच होतं. खुराडं बनलं की आत उदबत्ती लावायचे, दार बंद करायचे आणि डोळे बारीक करून धूर कुठून निघतो ते पाहायचे. धूर आत घोटाळला की दोन झडपा आणखी कापायच्या. आणि शेवटची तपासणी भर दुपारी. खुराडं उन्हात ठेवायचं, आत दंडापर्यंत हात घालायचा आणि उभं राहायचं. हात भाजेपर्यंत नव्हे, कंटाळा येईपर्यंत. या माणसाला कंटाळा यायला दीड मिनिट पुरायचं, पण त्या कामी मी त्यांना अर्धा-अर्धा तास घामानं निथळत उभं पाहिलं आहे.

एकदा आर्वीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात मी लसीकरणाला गेलो होतो आणि मिस्त्री तिथेच एका घरी खुराडं द्यायला आले होते. अंगणात ठेवून त्यांनी उदबत्ती लावली, दार लावलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. घरच्या म्हातारीनं ते पाहिलं, आत गेली, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. कोणी नारळ आणला. मिस्त्रींचं सगळं लक्ष धुराकडे.

"माय, काय करून राह्यल्या तुम्ही?" ते एकदम दचकून म्हणाले.

"पूजा चालू हाये ना जी. व्हऊ द्या, व्हऊ द्या."

"पूजा नाई वो माय! धूर पाहून राह्यलो धूर! वारा कुठून येते ते पाहून राह्यलो!"

"तेच तं," म्हातारी म्हणाली आणि नारळ फोडला. प्रसाद त्यांनी उभ्यानं खाल्ला.

"वारा कुठून येते?" हा त्यांचा नमस्कारच झाला होता. कोणाच्याही घरी गेले की आधी हा प्रश्न. खुराडं ते कधी विकायचे नाहीत, पण फुकट देतानाही अट असायची. घेणाऱ्यानं सोबत उभं राहून शिकायचं आणि पुढचं एक खुराडं स्वतः बनवून शेजाऱ्याला द्यायचं. असं करत करत मेलेले कूलर गावागावांत पोचले. सगळेच लोक काही अट पाळत नव्हते. एका बहाद्दरानं खुराड्यात कांदे भरून ठेवले होते. मिस्त्रींनी भर अंगणात कांदे ओतले, खुराडं मोपेडवर बांधलं आणि निघाले. तो माणूस मागून ओरडला, "अहो मिस्त्री, कांद्यालेही वारा लागते ना!" मिस्त्री थांबले नाहीत. तोंडानं ते गोड होते असं मी म्हणणार नाही. न विचारता लोकांच्या परसात शिरायचे आणि दुपारी झोपलेल्यांना उठवून कोंबड्यांना पाणी ठेवलं का म्हणून झापायचे. नवतप्याचे नऊ दिवस तर घरी जेवायला यायचे नाहीत. ज्या ज्या घरी खुराडं दिलं त्या त्या घरी जाऊन हात आत घालून पाहायचे. लोक हसायचे. मला कधी कधी भयंकर राग यायचा. वाटायचं, खांद्याला धरून या माणसाला एकदा खाली बसवावं.

कारण मला माहीत होतं की हे सगळं एका घरासाठी चाललं आहे. दर वर्षी मृगाच्या आधी ते आपलं सगळ्यात चांगलं खुराडं मडावीबाईंच्या कुंपणाशी नेऊन ठेवायचे. बाई म्हणायच्या, "नोको, भाऊ." मिस्त्री ठेवूनच यायचे. दुसऱ्या दिवशी ते झाडून-पुसून त्यांच्या फाटकाशी परत. असं तीनदा झालं. बाईंच्या परसात त्या दिवसानंतर कोंबडी फिरली नव्हती.

चौथ्या वर्षी माझ्यानं राहवलं नाही. मी बाईंना विचारलं, राग आहे का अजून?

"राग कायचा जी?" त्या सूप पाखडत म्हणाल्या. "मानूस वाईट नाई. पन त्याच्या हाताले धीर नाई. कोंबडी धीराच्या हाती जगते."

"मग दुसऱ्याकडून घ्या कोंबड्या. नवीन पाळा."

तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. त्या कोंबड्यांचं बेणं त्यांच्या आईचं होतं. लग्नात आईनं डालग्यात घालून दोन दिल्या होत्या आणि त्यांचीच पिलावळ इतकी वर्षं चालली होती. "आमी असं कोंबडी इकत नाई. बटईनं देतो." बटई म्हणजे कोंबडी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि पिलं झाली की निम्मी-निम्मी. "पन कोनालेही देत नाई. ज्याच्या हाती जगंल वाटते, त्यालेच देतो. मीनं देल्ल्या होत्या तीन-चार घरी. पन त्यातले कोनी गाव सोडून गेले, कोनाच्या मरीत गेल्या. आता कुठं पाहू?"

मी हे मिस्त्रींना सांगायला नको होतं. पण पोटात ठेवणं मला जमत नाही. मी सांगितलं, ते चहाचा कप हातात तसाच धरून फाटकाबाहेर गेले, आणि तो कप आम्हाला परत मिळाला नाही.

आता त्यांना वारा कुठून येतो याच्यासोबत दुसरा प्रश्न मिळाला. "तुमच्या घरची कोंबडी कोनाकडून आली?" खुराडं द्यायचं, अंगण पाहायचं, विचारायचं. आर्वीपासून कारंज्यापर्यंत, तिथून पुढे जंगलकाठच्या टेकड्यांपर्यंत. उलट्या पिसांची कोंबडी कोणी पाहिली का? कोणी म्हणे पाहिली होती, पोळ्याच्या आधी. कोणी म्हणे आमच्या मामाकडे आहे. मामाकडे गेलं की साधीच निघे. काकू रडकुंडीला आल्या. "एका कोंबडीपायी मानूस वाया चाललं," असं त्या मला म्हणाल्या.

अखेर दिवाळीनंतर फोन आला. टेकडीवरच्या एका गावातल्या म्हातारीला मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वी खुराडं दिलं होतं. तिचा नातेवाईक बोलला, उलट्या पिसांची एक कोंबडी आणि एक कोंबडा आमच्याकडं आले, पाहून जा. मला त्या बाजूला काम होतं, मीही गेलो. अंगणात ती कोंबडी दिसली तेव्हा मिस्त्री फाटकातच थबकले. खिशातल्या रिव्हेटा वाजायच्या थांबल्या.

म्हातारी खमकी होती. म्हणाली, "तुमच्या घरी किती कोंबड्या हायेत?"

मिस्त्रींनी फाटकावर बोटाच्या पेराने टकटक केली. शेवटी म्हणाले, "एकही नाई, माय."

"आँ? आन् साऱ्या दुनियेले खुराडी वाटून राह्यले? मंग तुमच्या हाती कशी देऊ बाप्पा?"

मी मध्ये पडलो, मडावीबाईंचं नाव सांगितलं, झालेलं सांगितलं. म्हातारीनं कोंबडी आणि कोंबडा धरून डालग्यात घातले. मग म्हणाली, "तिच्या नावानं बटईनं नेजा. तुमच्या नाई." कोंबडी तिच्याकडे कशी आली हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं. मावसबहिणीनं दिली, बहिणीला कोणी दिली, देव जाणे. पण मिस्त्रींना शंका नव्हती. येताना ते मोपेड पंधराच्या वेगानं चालवत होते आणि दर दोन किलोमीटरवर थांबून डालग्यात पाहत होते.

मडावीबाईंनी कोंबडी हातात घेतली. पंख पसरून पाहिला, पाय पाहिले, डोळ्यांत पाहिलं. मिस्त्री कुंपणाला धरून उभे.

"हे आमची नाई," बाई म्हणाल्या. "आमच्यावाल्यांच्या पायालेही पिसं राहेत. तुमाले कसं नाई आठवत?"

मिस्त्रींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. ते वळले, मोपेडला किक मारायला लागले. पुन्हा शोधायला निघणार होते, लगेच, त्याच पावली. दुपारचे दोन वाजले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"कुठं चालले?" बाई म्हणाल्या.

"सापडनच कुठं तरी. वर्ध्याकडं पाहतो."

"राहू द्या. त्या मेल्या, भाऊ." पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द उच्चारला. "आता हे हाये तं हे पाळतो. पन माह्या पद्धतीनं. तुम्ही हात लावू नोका."

त्यांनी कोंबडीला पडवीच्या कोपऱ्यात, शेणानं सारवलेल्या जुन्या टोपल्यात जागा केली. मार्गशीर्षात ती खुडुक झाली, बाईंनी तिच्याखाली अंडी ठेवली. अंड्यावर बसलेल्या कोंबडीला एकवीस दिवस कोणी छेडायचं नसतं. मिस्त्रींना ही शिक्षाच होती. टोपलं जरा तिरकं होतं, पडवीच्या पत्र्याचा एक खिळा निघालेला होता, कुंपणाला एके ठिकाणी भगदाड पडलं होतं. हे सगळं त्यांना बाहेरून दिसत होतं. रोज सकाळी ते येऊन कुंपणाबाहेर उभे राहायचे, आणि उजवा हात डाव्या हातानं पाठीमागे घट्ट धरून ठेवायचे. मी कामावर जाताना पाहायचो. बोटं हलत असायची, पाय एकाच जागी खालीवर होत असायचे, पण आत जात नव्हते. एकदा मी म्हटलं, मिस्त्री, तो खिळा तरी ठोका. ते माझ्यावर खेकसले, "आवाज व्हते ना!"

बाई घरात कामं करत असायच्या आणि त्यांच्याकडे पाहत नसल्यासारखं दाखवायच्या. एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. मिस्त्रींना त्यांनी आत बोलावलं नाही. पिलंच टोपल्यात घालून कुंपणाशी आणून दाखवली. मिस्त्री पाहत राहिले. "वारा..." एवढंच म्हणाले आणि पाठीमागचा हात आणखी घट्ट धरला.

पिलं वाढली. निम्मी टेकडीवरच्या म्हातारीची, ती तिच्याकडे पोचती झाली. वैशाख सरला, पुन्हा नवतपा लागला. त्याच सुमारास माझी बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला मागच्या गल्लीत गेलो. दुपार होती, ऊन डोळ्यांत शिरत होतं. मिस्त्री नेहमीच्या जागी उभे होते, निंबाच्या सावलीच्या बाहेर, कारण सावली कुंपणाच्या आत पडत होती. माझ्याशी अर्धं वाक्य बोलून ते गावोगावच्या फेरीला निघणारच होते.

"मिस्त्रीभाऊ, इकडं या," बाईंनी हाक मारली.

त्यांनी निंबाखालून एक तलंग उचलली. अजून अंड्यावर न आलेली, उलट्या पिसांची, गळ्याशी तांबूस. कुंपणापाशी आल्या आणि तिला पुढे केलं.

"हे तुमाले. बटईनं."

मिस्त्री एक पाऊल मागे सरले. दोन्ही हात पाठीमागे गेले. "बाई, आता नोको. उन्हाळा जाऊ द्या. मिरगात देजा."

"आत्ताच न्या."

"माह्या घरी खुराडं नाई."

हे बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. साऱ्या तालुक्यात खुराडी वाटणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी एकही नव्हतं. बनवायची छाती झाली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"मंग बनवा," बाई म्हणाल्या. "सावकाश बनवा. पिलं झाली का निम्मी माही." बाईंनी मिस्त्रींचा उजवा हात धरून पुढे ओढला, कोंबडी त्यात ठेवली आणि डावा हात वरून झाकला.

 पाच वर्षं हा माणूस ज्याच्यामागे धावला ते त्याच्या हातात होतं, आणि त्याला पाय उचलता येत नव्हता. तो पाठ वाकवून, आपल्या अंगाची सावली कोंबडीवर पडेल असा उभा राहिला. खाकी शर्ट पाठीला चिकटला होता.

"डाक्टर," ते हळूच म्हणाले, "हिचं काळीज किती जोरात चालून राह्यलं."

मी म्हटलं, चालायचंच. घरी चला.

ते पाऊलभर चालले, थांबले, पुन्हा पाऊलभर. मी मागे वळून पाहिलं. मडावीबाईंचं दार लोटलेलं होतं. कोंबडी कशी नेतात, कुठे ठेवतात, हे पाहायला त्या थांबल्या नव्हत्या.